नवव्या अंतरायाबद्दल आभार

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

ध्यान आपल्याच्याने होणार नाही, असं मनाने घेतलं होतं तेव्हा तुम्ही धीराचे चार शब्द सांगून मला परत पाठवलं नाहीत. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या पहिल्या भागातलं, म्हणजे समाधिपादातलं, 30वं सूत्र पुढे ठेवलंत. व्याधी, स्त्यान (मनाची मरगळ), संशय, प्रमाद (बेफिकिरी), आळस, अविरती (विषयांची ओढ न सुटणं), भ्रांतिदर्शन (चुकीची समज), अलब्धभूमिकत्व, अनवस्थितत्व. चित्ताला विचलित करणारे हे 9 अंतराय, म्हणजे अडथळे. जी मला माझ्या स्वभावातली खोट वाटत होती, ती साधकांच्या वाटेवर केव्हाचीच नोंदलेली आहे, हे पाहून किती हायसं वाटलं!

त्यातही शेवटच्या दोघांनी मला सावरलं. ध्यानाची भूमिका, म्हणजे पायरी, हाती न लागणं हा आठवा, आणि हाती लागलेली न टिकणं हा नववा. मन काही काळ स्थिरावून पुन्हा सैरभैर झालं की सगळी साधना वाया गेली असं वाटून मी खचून जाई. तुम्ही म्हणालात, "जो तिथवर पोहोचला, त्यालाच नववा अडथळा येतो." त्या दिवसापासून घसरण झाली तरी मी आसन सोडलेलं नाही.

चित्ताच्या या विक्षेपांबरोबर, म्हणजे विचलित होण्याबरोबर, दुःख, खिन्नता, अंगाची थरथर आणि श्वासाची अस्थिरताही येते, असं पुढचंच सूत्र सांगतं. माझा श्वास अडखळतोय हे माझ्याआधी तुम्ही ओळखलंत. बाकी सगळे प्रकार थांबवून फक्त उच्छ्वास सावकाश सोडायला लावलात. आज हे, उद्या ते, असं करू दिलं नाहीत. ध्यान म्हणजे ताण घालवायची युक्ती, एवढ्यावरही तुम्ही थांबला नाहीत. आसनावरून उठल्यावर बोलणं खरं आणि न दुखावणारं आहे ना, हे विचारत राहिलात. माझ्या मते खरी कसोटी तिथेच लागते.

मन वाऱ्यासारखं आवरायला कठीण आहे, असं गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो. श्रीकृष्ण ते नाकारत नाहीत, आधी मान्य करतात आणि मग अभ्यास व वैराग्य सांगतात. तुम्हीही माझी अडचण कधी क्षुल्लक ठरवली नाहीत. त्यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

पतंजलींनीच सांगितलेल्या चार भावनांपैकी मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद) यांचा अभ्यास चालू आहे. चौथी, उपेक्षा (तटस्थ राहणं), मात्र अजून नीट उमगलेली नाही. दुसऱ्याचं वागणं मनाला लागू न देणं आणि त्याच्याविषयी कोरडं होणं यांत मी गोंधळते. पुढच्या भेटीत त्याविषयी विचारीन.

आपली कृतज्ञ,
एक साधिका