हिमेलचा घोळ

प्रिय ठमे,

गेल्या दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिलेली नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. बीपी आटोक्यात, गुडघा आहे तसाच, आईला ऐकू कमी येतं आणि ती ते मान्य करत नाही. झाली तब्येत.

आता मुद्द्याचं. माझ्या हातून एक घोळ झालाय आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. घरी सांगितलं तर 'त्यात काय एवढं' म्हणून चहा पुढे करतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तुला आठवतात ना? त्यांचा धाकटा तुमच्या जर्मनीत, ऊल्मला होता. फेब्रुवारीत गेला. चौतिसाव्या वर्षी. मी तुला कळवलं नाही, कारण कळवायला बसले की हात थांबायचा. एप्रिलमध्ये त्याच्या घरमालकिणीचं पत्र आलं. तीन पानं, निळ्या शाईत. तो आकडा एक काढायची त्यांची पद्धत, डोंगराच्या सुळक्यासारखी; काकूंना ती तारीखच लागेना. 'तुला येतं ना गं त्यांचं' म्हणून माझ्याकडे घेऊन आल्या. मी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहून, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, ते पत्र जमेल तसं मराठीत वाचत गेले. तिनं त्याची सायकल अजून जिन्याखाली ठेवलीये, त्यानं तिला पोहे करून घातले होते, असं सगळं. आणि शेवटी दोन वाक्यं. एक: येट्स्ट इस्ट एअर इम हिमेल, म्हणजे आता तो हिमेलमध्ये आहे. दुसरं: संध्याकाळी मी खिडकीत उभी राहते आणि हिमेलकडे बघते.

आता तू हसशील. 'इम' आणि 'आम'! पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या जर्मनच्या वर्गात मी 'ढग इम हिमेल आहेत' असं लिहिलं होतं आणि तू भर वर्गात विचारलंस, 'ढग वारले का गं?' बाईंनीही तोंडावर वही धरली. मी तुझ्याशी चार दिवस बोलले नाही आणि वैशालीतल्या डोशाचे पैसेही दिले नाहीत. ते अजून देणं आहे. पण धडा पाठ झाला. चांदण्या, ढग, पतंग ते 'आम हिमेल'. देव आणि गेलेली माणसं 'इम हिमेल'. आभाळाला आणि स्वर्गाला शब्द एकच, हिमेल, पण पुढच्या एवढ्याशा अक्षरावर कळतं की मान वर करून दिसणारं म्हणतायत की न दिसणारं.

म्हणजे मला माहीत होतं गं. चुकून झालं असतं तर मी एवढी कुढलेच नसते. पहिल्या वाक्याला 'स्वर्गात' हवं होतं. तो शब्द माझ्या तोंडून निघेना. स्वर्गवासी म्हटलं की मला वर्तमानपत्रातला टोपीवाला चौकोनी फोटो दिसतो. पोहे करणाऱ्या त्या पोराला मी तिथे कसं बसवणार? तेव्हा मी म्हटलं, 'तो आता आभाळात आहे.' आणि लगेच पुढचं, 'संध्याकाळी मी खिडकीतून आभाळाकडे बघते.' झालं! दोन वाक्यांची एकच गोष्ट झाली. काकूंनी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, 'म्हणजे तिला दिसतो.'

मी काहीच बोलले नाही.

तेव्हापासून काकू रोज रात्री साडेदहाला गच्चीवर जातात. वय बहात्तर, लिफ्ट चौथ्यापर्यंतच, वरच्या जिन्यात दिवा नाही. मोठ्या सूनबाई मला खाली गाठून विचारतात, 'यांच्या डोक्यात हे कुणी घातलं?' मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेते. पत्रात वेळ दिलेली नाही, नुसतं 'आबेंड्स', संध्याकाळी, एवढंच आहे. तुमच्याकडे उन्हाळ्यात सात म्हणजे इथे साडेदहा, हे काकूंनी कुठून काढलं देव जाणे.

पण तू म्हणशील, मग 'स्वर्गात' म्हणायचं होतंस. इथेच तर गाडं अडतं. आठवतं, नगरला तुझ्या आजी संध्याकाळी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू करायच्या आणि मी शेजारी डोळे मिटून विचार करायचे की याला तिथे इंद्राशेजारी बसवलंय की वेगळी खोली दिलीये? तू मला कोपर मारायचीस. तुमच्याच पुस्तकाच्या पहिल्या ओळीत देव 'आकाश व पृथ्वी' करतो. हिब्रूत आकाश आणि स्वर्ग दोन्हींना एकच शब्द, शामायिम. जर्मनांनी तो एकच ठेवला, मराठीत आणताना दोन करावे लागले. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून आख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. त्यांना हा 'स्वर्ग' टोचला असेल की नाही? शास्त्र्याची लेक ती! तिला तर पाठच असणार की आपला स्वर्ग म्हणजे मुदतीचा मुक्काम. पुण्य संपलं की परत खाली, गीतेच्या नवव्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय. तुमचा कायमचा, आमचा व्हिसावर. (हा विनोद मी तेव्हाही केला होता आणि तुझे बाबा हसले होते, तू नव्हतीस.)

आणि काकू गीतेच्या वर्गाला जातात! मे महिन्यात एकदा धीर करून मी विषय काढला. म्हटलं, काकू, त्या बाईंना बहुतेक स्वर्ग म्हणायचं असेल. तर त्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, 'नको गं. स्वर्गातून परत पाठवतात. कुणाच्या घरी, काय नशीब घेऊन. आभाळात आहे तेच बरं.' आता बोल. मी चूक केली म्हणून त्या मालकिणीचं 'कायमचं' काकूंपर्यंत जसंच्या तसं पोचलं, आणि बरोबर भाषांतर केलं असतं तर चुकलं असतं? की हे मी माझ्या सोयीनं म्हणतेय? खरं सांग. तू सोयीचं बोलणाऱ्यांतली नाहीस, म्हणून तर डोशापासून भांडतोय.

पावसाळ्यात मजाच झाली. मजा म्हणजे काय, तुला कळेल. जुलैत एक रात्र मी छत्री घेऊन मागोमाग गेले. काकू दारातच उभ्या. म्हणाल्या, 'आभाळ आलंय. आज काही दिसायचं नाही.' आणि निमूट उतरल्या. आभाळात लेक, आणि आभाळ आलं म्हणून लेक दिसत नाही! मी रात्रभर त्या एका शब्दाला धरून बसले. इंग्रजांचा 'स्काय'ही मूळचा ढगच, उत्तरेकडच्या जुन्या भाषेतून आलेला. म्हणजे जगात सगळीकडे माणसं वर बघतात आणि झाकणालाच घराचं नाव देतात. पम्याला हे सांगितलं तर म्हणतो, 'पीएचडी कर.' त्याचे केस पूर्ण गेले, हे तुला कळवायचं राहिलं होतं.

आता निकड अशी की दुसरं पत्र आलंय. घरमालकीण ते घर सोडून लेकीकडे राहायला चाललीये, सायकल कुणाला द्यायची ते विचारतेय. खिडकी गेली. हे मी काकूंना अजून वाचून दाखवलेलं नाही. 'चष्म्याचा नंबर वाढलाय' म्हणून आठवडा काढला. मला वाटत होतं, माझ्या एका शब्दावर ही बाई रोज जिने चढतेय, आता तो शब्दच काढून घ्यायचा. त्या धास्तीतच तुला लिहायला घेतलं.

आणि हे पत्र अर्धं झालेलं असताना, काल, काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, 'या महिन्याच्या शेवटच्या रविवारपासून साडेअकराला जाईन हो वर. तिकडे घड्याळ मागे नेतात ना. फोनसुद्धा तो थंडीत साडेअकरालाच करायचा.'

तेव्हा आता तू म्हणशील तसं. पण रविवारच्या आत कळव. तुला ऊल्म तासाभरावर आहे ना? सायकलीचं काही जमेल का बघ. गियरची आहे, निळी.

तुझ्या नव्या घराचं अभिनंदन राहिलंच. स्वयंपाकघर मोठं आहे का? लेकीची परीक्षा झाली असेल. आजींचं ते पुस्तक कुणाकडे आहे? त्यांना नमस्कार लिहायला हात गेला होता, सवयीनं. डोशाचे पैसे देणार नाही.

तुझीच,
बाबडी