तार कमी पडली तेव्हा

डॉक्टरबाई, नमस्कार.

तुम्ही कोर्स संपवून विजापूरकडं गेलात आणि माझ्या पोरीचे वाकडे दात सरळ केल्याबद्दल नीट आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे उघड पत्र. खानापूर-बेळगाव बसनं पोरांना घेऊन हेलपाटे घालणाऱ्या आयांनीही वाचलं तर बरंच.

डेंटल कॉलेजात आले तीच मी वैतागून. त्याआधी एके ठिकाणी पोरीचं तोंड दोन मिनिटं बघून पारदर्शक अलाइनरचा (दात सरकवणारे, काढता-घालता येणारे प्लास्टिकचे साचे) आकडा सांगितला होता; तो ऐकून मी सरळ स्टँड गाठला होता. आणि तुम्ही म्हणालात, चार दात काढावे लागतील. किडलेले नव्हेत, चांगले! तेरा वर्षांच्या पोरीचे! मी पिशवी उचललीच.

तुम्ही वाद घातला नाही. तिचे प्लास्टरचे दात टेबलावर ठेवलेत. पितळेची बारीक तार या दाढेपासून त्या दाढेपर्यंत कमानीसारखी वळवलीत, मग सरळ करून पट्टीवर धरलीत. नंतर एकेक दात मोजून बेरीज केलीत. तार आठ मिलिमीटर कमी. वीस वर्षं ब्लाऊज शिवते मी; कापडच कमी असलं की कितीही ओढा, बाही बसत नाही. वर चढलेल्या सुळ्याला उतरायला जागाच नव्हती. पिशवी खाली ठेवली.

पर्याय मात्र तुम्ही मला नाही, पोरीला सांगितलेत. धातूची क्लिप (दातांवर चिकटवून त्यातून तार ओवतात ती), दाताच्या रंगाची सिरॅमिकची, आतल्या बाजूनं लावायची, आणि अलाइनर. अलाइनर दिवसाचे वीस-बावीस तास तोंडात हवेत, हे ऐकून तीच म्हणाली, "मी शाळेत विसरून येणार." सिरॅमिकची कमी दिसते, पण महाग आणि ठिसूळ. "हिला साधी धातूचीच चांगली," असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत.

संमतीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत. तुमचं मराठी बेळगावात येऊन शिकलेलं, मधेच दाताला 'हल्लु' म्हणायचात. तरी ओळ न् ओळ समजावलीत, मगच सही घेतलीत.

क्लिपची तार बदलली की दोन दिवस "आई, दात दुखूलालेत" आणि आंबील. ऊस बंद, गोकाकचा कर्दंट, ती डिंक-सुकामेव्याची चिवट मिठाई, बंद. खव्याचा मऊ कुंदा चालेल म्हणालात, तो तिनं औषधासारखा नेमानं खाल्ला. (नंतर नीट ब्रश करायचा, हा अर्धा भाग ती विसरायची.) लवकर आवळून टाका ना, असं मी एकदा म्हटलं. दात ज्या बाजूला सरकतो तिकडचं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं भरतं, त्याला वेळ द्यावाच लागतो, असं तुम्ही सांगितलंत. बावीस महिने लागले.

आता रोज रात्री रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा. नाही घातला तर दात परत फिरतात, ही तुमची धमकी अजून कामाला येते.

बेळगावला आलात की खानापूरला या. ब्लाऊजपीस घेऊन या, या वेळी माप मी घेणार.

तुमची,
सुळेवालीची आई