खरचटलेल्या गुडघ्यासाठी पालकांची वाट कशाला?

'किरकोळ दुखापत झाली तरी शिक्षकांनी मुलाला हात लावू नये, पालकांना बोलवावे' असे सुचवणारे वाचकपत्र वाचले. ते पटले नाही. बदलापूरच्या शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये दोन चिमुरड्या मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर शाळा धास्तावल्या आहेत, हे मी समजू शकते. पण त्या धास्तीची झळ लेकरांना का? बालवर्गात माझ्या नातीची चड्डी ओली झाली. आई ऑफिसातून येईपर्यंत तासभर तिला कोपऱ्यातल्या बाकावर तशीच बसवून ठेवले. घरी आल्यावरही ती मान वर करीना.

घोळणा फुटला तर मुलाला किंचित पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग १० मिनिटे दाबून धरायचा असतो. खरचटले तर जखम वाहत्या पाण्याखाली धुवायची. फोन लागेपर्यंत ही कामे थांबवायची का? डोक्याला मार लागून उलटी किंवा गुंगी आली, तर मात्र थेट दवाखाना गाठावा आणि त्याच वेळी पालकांना कळवावे. कपडे बदलायचे असतील तर दोन मावशी सोबत असाव्यात, वहीत नोंद व्हावी. पालकांची लेखी संमती प्रवेशाच्या वेळीच घेऊन ठेवता येईल.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा