हद्द न ठरवता मोजणी

महोदय,

स्मृतिभ्रंश एमआरआयवर आधीच कळणार, हा कालच्या अंकातला लेख वाचला. अभिनंदन. आता नाशिककरांनी मशीनमध्ये जाऊन पडायचे आणि मेंदू किती आक्रसला ते छापून आणायचे, एवढेच काम उरले! हिप्पोकॅम्पसचे, म्हणजे मेंदूतल्या आठवणी घडवणाऱ्या भागाचे, रंगीत चित्र झकास होते. पण तो मोजायचा कुठून कुठपर्यंत, याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचा पहिला रिपोर्ट गंगापूर रोडवरच्या एका सेंटरचा. त्यात ‘डावा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला’. भाच्याने लगेच बँकेत सह्या कोण करणार हा विषय काढला. काही महिन्यांनी दुसऱ्या सेंटरने लिहिले, ‘वयाला साजेसे’. आकडा एकातही नाही. डॉक्टरांना विचारले तर म्हणाले, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. अक्का, जिला बहात्तरच्या दुष्काळात सुकडी कुठे कोण वाटत होते ते नावानिशी आठवते, ती म्हणाली, “अरे, माझं डोकं आक्रसलं होतं की यांचा फोटो?”

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. बांध कोणता धरायचा हे ठरल्याशिवाय आम्ही साखळी टाकत नसू. इथेही भांडण बांधाचेच आहे. हिप्पोकॅम्पस पुढे अमिग्डाला या मेंदूतल्याच दुसऱ्या भागाला खेटलेला, मागे शेपटी कुठे संपते यावर मतभेद, वरची पांढरी पातळ पट्टी कोणी धरतो, कोणी सोडतो. म्हणूनच निरोगी माणसांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारही पद्धतीगणिक अडीच पटींपर्यंत वेगळे निघत. अखेर युरोपातले तज्ज्ञ आणि अमेरिकेतला एडीएनआय हा अल्झायमरवरचा संशोधन प्रकल्प एकत्र आले. इटलीतले डॉ. जोव्हानी फ्रिझोनी यांनी पुढाकार घेतला. वापरातल्या १२ पद्धती समोर ठेवून, तज्ज्ञांची फेऱ्याफेऱ्यांनी मते घेऊन २०१५ च्या सुमारास सामाईक हद्द ठरली. शेपटी पूर्ण धरायची, ती पांढरी पट्टीही धरायची. आपल्या लेखकाला हे लिहायला चार ओळी लागल्या असत्या.

ही हद्द हाताने आखायची, मुख्यतः संशोधनासाठी आणि संगणकाची मोजणी पारखण्यासाठी. रोजच्या रिपोर्टसाठी कोणी ती आखत बसणार नाही, हे मलाही कळते. पण नुसत्या नजरेने आक्रसण्याला ० ते ४ गुण देण्याची पद्धत १९९२ पासून आहे. तेवढा एक आकडा टंकायला किती शाई लागते? आणि संगणकाने घनफळ काढलेच, तर कोणत्या सॉफ्टवेअरने, डोक्याचा आकार हिशेबात धरून की न धरता, हे लिहा. वयोमानाने हिप्पोकॅम्पस वर्षाला एखाद-दीड टक्का घटतो, अल्झायमरमध्ये चार-साडेचार टक्के. एवढ्याशा फरकावर निदान टेकवायचे, तर मशीन आणि मोजणी दोन्ही वेळा सारखी नको? हजारो रुपये मोजून आम्हाला मिळते काय, तर ‘किंचित’, ‘सौम्य’ आणि ‘कृपया लक्षणांशी पडताळावे’.

वर हातात एक सीडी. ती लावायला कॉम्प्युटर नाशिकमध्ये कुठे उरला आहे, तेही सेंटरवाल्यांनी छापावे.

जाता जाता, त्याच लेखाखाली आपण ‘२१ दिवसांत तल्लख स्मरणशक्ती’ देणाऱ्या तेलाची जाहिरात छापली आहे. त्यातले ‘आधी’ आणि ‘नंतर’ कोणत्या पद्धतीने मोजले, तेवढे कृपया कळवावे.

– एक निवृत्त भूकरमापक, इंदिरानगर, नाशिक