ऑटोमॅटिक म्हणजे आळस नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या जुन्या 'मसल कार'वर, म्हणजे मोठ्या ताकदीच्या इंजिनाच्या गाड्यांवर, पानभर लेख आला. फोटो फार सुंदर होते. चष्मा पुसून दोनदा वाचला. पण त्यातले एक वाक्य मनाला लागले. ऑटोमॅटिक गिअरची मसल कार ही आळशी माणसाची गाडी, खरी गाडी क्लचचीच, असे लेखकाने लिहिले आहे. मी आयुष्याची अकरा वर्षे याच गिअरबॉक्सच्या लाल तेलात हात घालून काढली. म्हणून हे पत्र.

मी दारव्ह्याचा. १९७९ साली कुवेतला गेलो. १९९०च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा एका पिशवीनिशी अम्मानमार्गे विमानाने घरी आलो. मधली सगळी वर्षे एका गॅरेजात फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडणे आणि बांधणे हेच काम. तिथल्या रस्त्यावर शेवरले कॅप्रिस इतक्या, जितक्या तेव्हा आपल्याकडे अ‍ॅम्बेसेडर.

लेखकाला माझे एवढेच सांगणे आहे की, १९६७ची प्लिमथ जीटीएक्स घ्या. ४४० घनइंचाचे, म्हणजे ७.२ लिटरचे इंजिन. त्या गाडीला कारखान्यातून मूळचा गिअरबॉक्स यायचा तो तीन गिअरचा ऑटोमॅटिक टॉर्कफ्लाइट. क्लचवाला मागणी केली तर मिळे. जनरल मोटर्सचा टीएच-४०० आला १९६४ साली. तो रोल्स-रॉइसने आपल्या सिल्व्हर शॅडोला बसवला आणि फेरारीनेही आपल्या ४०० या गाडीला. १९५० सालचा पॉवरग्लाइड तर दोनच गिअरचा, पण ड्रॅग रेसवाले, म्हणजे सरळ छोट्या पट्ट्यावर शर्यत लावणारे, आजही तो शोधून बसवतात. ही सगळी माणसे आळशी कशी?

हे मनाला लागण्याचे कारण घरातलेही आहे. माझा भाचा दिग्रसचा, आता ह्यूस्टनला असतो. कबड्डीत त्याचा डावा गुडघा मोडला, तो पुन्हा नीट बसला नाही. लहानपणी माझ्या गॅरेजात पाने पुसत बसायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने १९७०ची शेवरले शेव्हेल घेतली. ३५० घनइंचाचे इंजिन, मागे तीन गिअरचा टीएच-३५०, आणि आधीच्या कोणा मालकाने गाडी झटकन पळावी म्हणून मागच्या चाकांच्या हाउसिंगमध्ये ३.७३चा दातरा टाकलेला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे ३.७३ फेरे. रात्री त्याचा फोन आला. "मामा, गाडी पळते मस्त, पण हायवेले नुसती बोंबलते. बाजूच्याशी बोलता येत नाही. इथले दोस्त म्हणतात क्लचवाला बसव, पण मले तो गुडघा कुठे दाबू देते?"

बोंबलणारच. ताशी ११२ किलोमीटरला २६ इंची टायरवर ते इंजिन मिनिटाला ३४०० फेरे घेत होते. तिसरा गिअर सरळ एकास एक, म्हणजे इंजिनाचा एक फेरा तर शाफ्टचाही एक, वर काही नाही. म्हणजे त्याला चौथा, ओव्हरड्राइव्हचा गिअर हवा होता, ज्यात इंजिन शाफ्टपेक्षा कमी फिरते. त्याने फोनवर पाहून ७००आर४ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक ठरवूनही टाकला होता. सगळे तोच सांगतात आणि तो मिळतोही सहज.

मी त्याला म्हटले, बापू, आधी हाउसिंगचा दातरा पाहा, मग गिअरबॉक्स घे. ७००आर४चा पहिला गिअर ३.०६चा, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ३.०६ फेरे. त्याला ३.७३ने गुणले की साडेअकराच्या जवळ जाते. पाय ठेवताच टायर जागीच घासणार, आणि गाडी हलली न हलली तोच पहिला संपणार. त्यापुढे दुसरा एकदम १.६३, म्हणजे मध्ये मोठा खड्डा. तोच गिअरबॉक्स २.७३ किंवा ३.०८च्या हाउसिंगला लावा, फार गुणी. त्याच्या गाडीला बरा होता दुसरा चार गिअरचा, २००-४आर. पहिला २.७४, दुसरा १.५७, आणि चौथा ०.६७. तेच ३४०० फेरे पावणेतेवीसशेच्या आसपास येतात. शिवाय त्याची लांबी टीएच-३५०एवढीच, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापावा लागत नाही, फक्त गिअरबॉक्स ज्यावर टेकतो तो खालचा आडवा क्रॉसमेंबर मागे सरकवायचा. ७००आर४ तीन इंच लांब, तिथे शाफ्ट लेथवर गेलाच. २००-४आर कमजोर असे काही जण म्हणतात, पण ब्यूकच्या ग्रँड नॅशनलमध्ये तोच होता. नीट बांधलेला असला तर त्या ३५०ला पुरून उरतो. कोणी त्याला ४एल८०ई सुचवला होता. तो वजनाने दांडगा, इंजिनाची ताकद जास्त खाणारा, वर कॉम्प्युटर मागणारा. आपल्याकडे दोन एकरांच्या वाहितीला कोणी पन्नास एचपीचा ट्रॅक्टर घेत नाही.

आता केबल. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण यात माझा हात पोळलेला आहे. टीएच-३५०ला कार्ब्युरेटरपासून एक केबल येते. ती फक्त पाय पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडते. ढिली राहिली तर गिअर पडत नाही, बाकी नुकसान नाही. ७००आर४ आणि २००-४आरलाही तशीच दिसणारी केबल असते, पण ती तेलाचा दाब ठरवते. ढिली राहिली की दाब कमी, आणि दाब कमी की गिअरबॉक्सच्या आतल्या, गिअर पकडणाऱ्या क्लचच्या प्लेटा घसरतात. १९८३ साली मी एका पिकअप ट्रकला ७००आर४ बसवला आणि सवयीने केबल अंदाजाने लावली. गाडी वीस दिवसांत परत आली. तिसऱ्या-चौथ्याच्या प्लेटा कोळसा झाल्या होत्या आणि तेलाला जळका वास होता. पगारातून भरपाई दिली. भाच्याला म्हणून तीनदा बजावले : केबल मोजून लाव, दाबाचे घड्याळ लावून पाहा, आणि कार्ब्युरेटरवरचा तो छोटा ब्रॅकेट बरोबर कोनातलाच घे.

आणि उष्णता. उन्हाळ्यात कूलर सुरू केला की त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद टेबलफॅन फिरू लागतो, हे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिले आहे. इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्यामधला टॉर्क कन्व्हर्टर तसाच चालतो, फक्त हवेच्या जागी तेल. एक पंखा दुसऱ्याला फिरवतो, थोडा मागे राहतो, आणि तेवढी ताकद उष्णता होऊन तेलात जाते. आम्हाला हिशेब शिकवला होता तो असा, की तेल ८० अंशांच्या आसपास राहिले तर टिकते, त्यावर दर अकरा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते. कुवेतमध्ये पन्नासच्या उन्हात आम्ही रेडिएटरच्या पुढे वेगळा तेलाचा कूलर टाकल्याशिवाय गाडी सोडत नसू. ह्यूस्टनचा उन्हाळाही कडक. भाच्याने २००-४आरच बसवला, तेलाचा कूलर लावला, आणि कन्व्हर्टर लॉकअपचा घेतला, म्हणजे हायवेवर दोन्ही पंखे एकमेकांना पकडून फिरतात आणि घसरणच राहत नाही.

त्याला आणखी एक करायला लावले. जुना टीएच-३५० विकू दिला नाही. तोंडे बंद करून, आत तेल ठेवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्याच्या गॅरेजात ठेवला आहे. उद्या गाडी दुसऱ्याकडे गेली तर तिचा मूळ गिअरबॉक्स तिच्यासोबत जाईल.

लेख वाचून गेल्या आठवड्यात यवतमाळचे दोन पोट्टे कॉन्टेसा घेऊन माझ्याकडे आले. तिला ऑटोमॅटिक बसवून द्या म्हणाले. मी हात लावला नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम आहे, कंपनीने ठरवलेल्या रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाही. अपंग व्यक्तीसाठी गाडी बदलून घेण्याची सोय त्याच कलमात आहे, पण तीही आरटीओच्या मंजुरीने. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली व्हिंटेजचे नियम आले, त्यातही गाडी मूळ रूपात हवी. या गोष्टी तुमच्या लेखात चार ओळींत आल्या असत्या, तर त्या पोरांचा पेट्रोलचा खर्च वाचला असता.

भाच्याने परवा व्हिडिओ पाठवला. ताशी ११२ला गाडी चालली आहे, शेजारी माझी भाचेसून बोलते आहे, आणि तिचा शब्द न् शब्द मला ऐकू येतो. 'आळशी माणसाची गाडी' हे वाक्य आपण पुढच्या रविवारी दुरुस्त करावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक जुना गिअरबॉक्स मेकॅनिक
दारव्हा, जि. यवतमाळ