भुंगेऱ्याच्या टाचणीला माझं नाव लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला टपालानेही पाठवता आलं असतं. पण तुम्ही ते वाचून हसला असता, खणात ठेवलं असतं, आणि ज्यांनी खरं तर वाचायला हवं ते सुटले असते. म्हणून उघडच लिहितोय.

तुमच्याकडे येण्याआधी एका बेटावर गोळा केलेल्या भुंगेऱ्यांचा डबा घेऊन मी बऱ्याच दारांत उभा राहिलो होतो. पहिला प्रश्न ठरलेला: "कुठल्या विद्यापीठाचे तुम्ही?" कुठल्याच नाही म्हटलं की डब्याचं झाकण उघडायचीसुद्धा गरज उरायची नाही. एकांनी संस्थेच्या लेटरहेडवर पत्र आणायला सांगितलं. एकांनी भुंगेऱ्यांवरून नजर फिरवून "एखादं मोठं जनावर असतं तर बघितलं असतं" असा विनोद केला आणि स्वतःच हसले. एका नामवंत अभ्यासकांनी मात्र नमुने ठेवून घेतले. मला कोण आनंद झाला! पुढे ते नमुने "सापडत नाहीत" हा निरोप शिपायाकरवी आला. त्यांची नावं घेत नाही. वाचत असतील तर ओळखतील स्वतःला.

तुम्ही झाकण उघडलंत आणि विचारलंत, "बेटाच्या कुठल्या बाजूला मिळाले? वाऱ्याच्या की आडोशाच्या?"

मी क्षणभर गप्पच झालो. इतक्या ठिकाणी हिंडलो, पण माझ्याबद्दल नाही तर भुंगेऱ्यांबद्दल कुणी काही विचारलं ते तेव्हा पहिल्यांदाच.

मग तुम्ही त्यातला एक ओलसर डबीत ठेवून मऊ केलात, मायक्रोस्कोपखाली घेतलात, सुईने बाजूने हळूच कवचाखाली वाट काढलीत आणि उठून मला खुर्ची दिलीत. पाठीवरची दोन्ही कवचं मधल्या शिवणीवर अशी घट्ट जुळलेली, की ती उघडून उडायचा प्रश्नच नाही. त्यांच्याखाली, जिथे घडी घातलेले पंख असायचे, तिथे नुसती एक आखूड पारदर्शक पट्टी. ना शिरा, ना घडी. ज्याला मी इतके दिवस भिंगाखाली वरून बघत होतो, त्याच्या पोटातली गोष्ट (पाठीतली म्हणा) ही होती.

वाऱ्याचा प्रश्न का विचारलात तेही मग कळलं. अटलांटिकमधल्या मदेरा बेटांवरचे भुंगेरे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ वोलॅस्टनने नोंदवले आणि डार्विनने त्याचा आकडा उचलला: ५५० प्रजातींपैकी २०० अशा, की पंख इतके खुरटे की उडताच येत नाही. डार्विनचं म्हणणं, जे उडतात ते वाऱ्याबरोबर समुद्रात जातात. जे बसून राहतात त्यांचा वंश चालतो. हे मी वाचलेलं होतं. पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. अंटार्क्टिकाभोवतालच्या महासागरातल्या बेटांवर मूळच्या कीटकांपैकी जवळपास निम्म्यांना उडता येत नाही, आणि २०२० साली आलेल्या अभ्यासात त्याचं नातं वाऱ्याशीच जुळलं. मात्र कारण वाहून जाण्यापेक्षा वेगळं असावं, असं तो अभ्यास सुचवतो. सोसाट्याच्या वाऱ्यात उडायला फार शक्ती लागते. उडणंच सोडलं तर ती शक्ती अंड्यांच्या कामी येते. एवढं सगळं सांगून वर म्हणालात, "तुमच्या बेटावर यातलं काय घडलंय, ते मला आत्ता नाही सांगता येणार." इतर ठिकाणी मला "माहीत नाही" कुणीच म्हटलं नव्हतं. तिथे सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त वेळ नव्हता.

बोलता बोलता हवाईतल्या काउआई बेटावरचे मुके रातकिडेही निघाले. त्यांचं गाणं ऐकून एक माशी नेमकी येते, त्यांच्यावर अळ्या सोडते, आणि अळ्या त्यांना आतून खातात. जेमतेम वीसेक पिढ्यांत तिथले बहुतेक नर गाणंच विसरले. पंखावरची वाजायची खरबरीत रेघ गेली. त्यावर माझे दहा प्रश्न आणि तुमची दहा उत्तरं झाली. चहा गार झाला, तो तुम्ही तसाच प्यालात.

पण मला सांगायचंय ते निघतानाचं. मी डबा आवरायला लागलो तेव्हा तुम्ही थांबवलंत. जाड कागदाची नखाएवढी चिठ्ठी कापलीत, बारीक टोकाचं पेन काढलंत आणि विचारलंत, "संग्राहक म्हणून तुमचं नाव पूर्ण घालू की आद्याक्षरं? नीट सांगा, तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त टिकणार आहे हे." मग मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत जागा, बाजू, तारीख, नाव. मी लावलेली जुनी चिठ्ठी काढली नाहीत. मूळ चिठ्ठी कधीच काढायची नसते म्हणालात, आणि नवी तिच्याखाली टाचणीत ओवलीत.

घरी जाऊन मी ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाउ बेटावरच्या काडीकिड्याची हकिगत पुन्हा वाचली. १९१८ साली मकाम्बो जहाज तिथे खडकाला लागलं, जहाजावरचे उंदीर बेटावर उतरले आणि काही वर्षांत तो हाताच्या पंजाएवढा किडा संपला, असं सगळे धरून चालले. २००१ साली शेजारच्या बॉल्स पिरॅमिड या उघड्याबोडक्या सुळक्यावर एका झुडपाखाली तसेच काही किडे मिळाले. तसेच, पण थोडे वेगळे दिसणारे. ते तेच की दुसरे, याचा निकाल २०१७ साली लागला, तोही संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए ताडून. कुणीतरी कधीकाळी ते किडे जपून ठेवले होते आणि ते कुठले हे लिहून ठेवलं होतं, म्हणून ताडायला काहीतरी होतं. आता कळतंय, माझे "सापडत नाहीत" झालेले नमुने मला इतके का बोचतात. मान-अपमान राहू द्या. त्या बेटाच्या त्या कोपऱ्याची त्या वर्षीची नोंद गेली, आणि ती पुन्हा गोळा करता येत नाही.

मोठ्या माणसांना वेळ नसतो, हे मला मान्य आहे. तुम्हालाही नव्हता, टेबलावरचे ढीग मी पाहिले. पण समोरच्याचं नाव विचारून नीट लिहायला कितीसा वेळ लागतो? शिष्टाचाराचं सोडा, हे साधं माणूसपण आहे. ते ज्याच्यात असतं त्याला पदवी, पद, लेटरहेड यांची आठवण होत नाही, निदान समोरच्याला तरी ती करून देत नाही.

तुमचा शब्द मानून आता वाऱ्याच्या बाजूचे भुंगेरे आणि आडोशाचे वेगवेगळ्या नळ्यांत ठेवतो. आडोशाच्या काहींची पंखाची पट्टी मला किंचित लांब वाटते, पण माझ्या भिंगाचा भरवसा नाही. नर वेगळे काढून ठेवलेत, कारण जननांग तपासल्याशिवाय प्रजातीचं नक्की होणार नाही असं तुम्ही म्हणाला होतात. समुद्र शांत झाला की आणखी एक फेरी मारून डबा घेऊन येतो. तुमच्या सोयीचा दिवस तेवढा कळवा.

आपला कृतज्ञ,
एक हौशी संग्राहक