नांदायला ये

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "कलम ९ आपल्या शास्त्रातूनच आलंय, आई." कणीक मळत होते म्हणून गप्प बसले. आता भांडते.

हिंदू विवाह कायद्यातलं ते कलम म्हणजे 'नांदायला ये' असा दावा. तुझ्या मावशीने पोटगी मागितली आणि पंधरवड्यात तिच्या हातात तीच नोटीस पडली. तू पाळण्यात होतास तेव्हा. त्या नादात मी रखमाबाईंचा खटला वाचून काढला.

मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं, पण त्या माहेरीच राहिल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचा पाठिंबा होता. १८८४ साली नवरा, दादाजी भिकाजी, हायकोर्टात गेला. पुढच्या वर्षी न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. हा दावा विलायतेतून आणलेला, हिंदू कायद्यात त्याला आधारच नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय जी कधी नांदलीच नाही, तिला परत नांदायला कसं धाडायचं?

आणि धर्म बुडाल्याची ओरड झाली ती नेमकी या निकालावर! 'केसरी'सुद्धा विरोधात. इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतलं हत्यार, आणि ते वाचवायला आपली माणसं शास्त्राची ढाल घेऊन उभी. खुद्द इंग्लंडने असा हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात टाकणं १८८४ सालीच बंद केलं होतं, बरं का.

अपिलात वारं फिरलं. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांचा हुकूम: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. बावीस वर्षांच्या रखमाबाई म्हणाल्या, कैद चालेल. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजी गप्प झाला. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत-राजकोटला बायकांचे दवाखाने सांभाळले. १९५५ साली त्या वारल्या. तुझं कलम ९ त्याच वर्षीचं. असा हुकूम मोडला तर होणारी कैद आधीच, १९२३ मध्ये गेली, मालमत्तेची जप्ती अजून आहे. ती कुठल्या शास्त्रात आहे तेवढं तुझ्या सरांना विचार.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. १९०४ साली दादाजी वारल्यावर रखमाबाई पांढरी साडी नेसू लागल्या म्हणतात. मावशीला सांगितलं तर ती नुसती हसली.

दिवाळीला डबे रिकामे आण.

तुझी आई